काटा मागे

जुन्या गाड्यांचा दलाल होता तो. गाडी किती चालली आहे हे तो गाडीला नाही, गिऱ्हाइकाच्या चेहऱ्याला विचारायचा. चेहरा पडलेला दिसला की किलोमीटरचा काटा थोडा मागे घ्यायचा. सगळा बाजार हेच करत असल्यामुळे त्याला त्याचं कधी काही वाटलं नाही.

मुलीने नर्सिंगची पदवी घ्यायचं काढलं, तेव्हा मात्र त्याने पेन्सिल हातात घेतली. चार वर्षांची फी, वसतिगृह, गणवेश, वर कर्जाचं व्याज. बेरीज त्याने दोनदा तपासून बघितली. मुलगी म्हणाली, नोकरी लागली की पाच वर्षांत कर्ज फिटेल. इतकं ठामपणे म्हणाली की त्याला संशयच आला. इतका ठाम तो स्वतः फक्त खोटं बोलताना असायचा.

बँकेला तारण म्हणून दुकानाचा गाळा हवा होता आणि गाळा होता बायकोच्या नावावर. फी भरायची मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती. नीट चौकशी करून या, मग सहीचं बघू, असं सांगून बायकोने त्याला इस्पितळात पिटाळलं.

तिथे ड्रेसिंगच्या खोलीत एक सिस्टर बँडेज गुंडाळत बसली होती. दलालाने सवयीने आडून आडून सुरुवात केली. नोकरीला किती वर्षं झाली, पगार किती, अंगावर कर्ज किती, रात्रपाळी झेपते का. सिस्टरने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"काका, मुलगा चांगलाच असेल तुमचा," ती म्हणाली, "पण माझं लग्न झालंय."

दलाल ओशाळला. मुलीच्या शिक्षणासाठी विचारतोय, म्हणाला. असं विचारायला येणारे या आठवड्यात तुम्ही दुसरे, असं म्हणत तिने हातचं काही न राखता सांगून टाकलं. सुरुवातीचा पगार एका हाताने येतो, दुसऱ्या हाताने हप्त्यात जातो. पाय सुजतात ते वेगळंच. कर्ज फिटायला तिला नऊ वर्षं लागली होती.

नऊ ऐकून दलालाचं तोंड असं झालं की तिने न विचारताच त्याच्या दंडाला ब्लडप्रेशरचा पट्टा गुंडाळला. काटा बराच वर जाऊन थांबला.

"जरा कमी लावा की," तो सवयीने बोलून गेला.

"हा काटा मागे घेता येत नाही, काका."

निघताना त्याने विचारलं, पुन्हा वेळ आली तर हेच शिकाल का. तेवढ्यात कोणा पेशंटने हाक मारली. घेईन की कर्ज, म्हणत ती उठून गेलीसुद्धा. तिने त्याच्या चेहऱ्याकडे बघितलंही नव्हतं, म्हणून त्याला ते खरं वाटलं.

घरी बायको भाजी निवडत होती. मुलगी दाराला टेकून उभी होती आणि तिचा चेहरा पार उतरला होता. दलालाने तो चेहरा बघितला आणि त्याचा नाइलाज झाला.

"पाच," तो म्हणाला. "पाच वर्षांत फिटतं म्हणे."

मुलीने चमकून त्याच्याकडे बघितलं. बायको मात्र भाजी निवडतच राहिली.

"मला तर त्या ड्रेसिंगच्या खोलीतल्या सिस्टरने नऊ सांगितली. मंगळवारी जाऊन आले मी."

मग मला कशाला पाठवलंस, असं तो कसंबसं म्हणाला.

"आकडा मला ठाऊक होता. तुमच्या मनात काय आहे ते ठाऊक नव्हतं. काटा मागे घेतलात, म्हणजे तिने शिकावं असं तुम्हाला वाटतंय." तिने हात पुसले आणि बँकेचे कागद पुढे ओढले. "सही मात्र मी नऊ वर्षांवर करतेय."

दलालाला भरून आलं. ते लपवायला तो पेन शोधू लागला. मुलगी हळूच म्हणाली की पाचचा आकडा मुळात तिनेच ठोकून दिला होता.

"कळलं होतं मला," आई म्हणाली. "बापावर गेलीस. पेशंटजवळ उभी राहशील तेव्हा मात्र माझ्यावर जा."