एकाच पोत्यातले तीन नमुने

मृत्युंजय सरांच्या नांदेडातल्या केबिनमध्ये त्यांचा एक शोधनिबंध चौकटीत लावलेला होता. बावीस वर्षं त्याच्या काचेवरची धूळ शिपायानं नव्हे, सरांनी स्वतःच्या रुमालानं पुसली होती. निबंधात एक आकडा होता. रिकाम्या जागेचा.

रिकामी जागा रिकामी नसते, असं अणूच्या गाभ्यातल्या क्वार्क-कणांचं शास्त्र सांगतं. सगळं काढून घेतलं तरी तिथं क्वार्कांना बांधून ठेवणाऱ्या ग्लुऑनांची खळबळ उरते. ती किती, हे थेट मोजता येत नाही, अंदाजावं लागतं. सरांनी ती तीन वाटांनी अंदाजली होती. तिन्ही उत्तरं जुळली, म्हणून फार तर पाच टक्के इकडंतिकडं, असं त्यांनी लिहिलं. त्या पाच टक्क्यांवर सर विभागप्रमुख झाले, आणि लातूरच्या कोचिंग क्लासेसची उद्घाटनं तर त्यांच्यावाचून अडूच लागली.

उदगीरची दामिनी त्यांच्याकडं पीएचडी करत होती. चौथ्या वर्षी तिला दिसलं, की तिन्ही वाटांच्या उगमाशी सरांनी एकच जुनी संख्या गृहीत धरली होती. मग उत्तरं जुळणारच.

तिचे वडील सिद्धलिंगअप्पा उदगीरच्या मोंढ्यात तुरीचे अडते. पोकळ सळई खुपसून नमुना काढायचा तो प्रत्येक पोत्यातून, हा त्यांचा हट्ट. एकाच पोत्यातून तीनदा काढून 'तिन्ही सारखेच की' म्हणणाऱ्याला ते पुन्हा दुकानात उभं करत नसत. दामिनीनं ती संख्या गृहीत धरणं सोडलं. पाच टक्क्यांची अनिश्चितता साठावर गेली.

सर चिडले नाहीत, हेच तिला झोंबलं. चहा मागवून त्यांनी तिला समजावलं, की साठ लिहिलं तर परीक्षक विचारेल, चार वर्षं केलं काय? साठ आहे हे शोधलं, असं ती म्हणाली. सर हसले.

"बेटा, रिकामी जागा कोण उघडून बघून राहिलंय?"

प्रबंधाआधीच्या सादरीकरणाच्या स्लाइड्स आदल्या दिवशी मार्गदर्शकाकडं द्यायची विभागाची रीत होती. तिनं साठ लिहून दिल्या. दुसऱ्या दिवशी समितीचे पाच जण शेवचिवड्याच्या बशा सावरून बसले, मागच्या रांगेत सकाळच्या एसटीनं आलेले अप्पा, आणि सहाव्या स्लाइडवर उमटलं: पाच टक्के.

चोरी झाल्यावर येतो तसला हा राग नव्हता. तिच्या घरातून काही गेलं नव्हतं. कुणीतरी आपला माल तिच्या घरात आणून ठेवला होता, वर तिच्या नावाची चिठ्ठी.

"हा आकडा माझा नाही," ती म्हणाली.

सर बसल्या जागेवरून बोलले, की टायपिंगची चूक असेल, पुढं चल.

"टायपिंगच्या चुकीनं आलेख बदलत न्हाई, सर. आलेखबी बदललाय."

तिनं खडू घेतला. तीन वाटा काढल्या, तिन्ही मागं नेऊन एकाच गोलात मिळवल्या, आणि शेजारी साठ लिहिलं. खडू मोडला. उरलेल्या तुकड्यानं तिनं आकड्याखाली रेघ ओढली.

लातूरहून आलेल्या अध्यक्षा वर्षाराणी मॅडमनी सरांना एवढंच विचारलं, की तिन्हींत संख्या एकच होती का. सर म्हणाले, त्या काळी सगळेच तसं करत. ते खरं होतं. म्हणूनच दामिनीचा आवाज चढला.

"सगळेच करत होते, म्हणून तर कुणी उघडून बघितलं न्हाई."

समितीनं साठ ग्राह्य धरलं, मार्गदर्शक बदलायला सांगितलं आणि सहा महिने वाढवून दिले. सरांनी सही केली ती कागद न वाचताच. जाताना खिशातून रुमाल काढला आणि तसाच परत ठेवला.

बाहेर निंबाखाली अप्पांनी विचारलं, "सहा महिने कशापायी?"

"नवे सर शोधायला."

"चार दारं बघ," अप्पा म्हणाले. "एकाच दारात चारदा जाऊ नको."

एरवी ती हसली असती. आज तिच्या मुठीत अजून मोडक्या खडूचा तुकडा होता, आणि मूठ उघडायला ती तयार नव्हती.