दगड्या

पिकून डोळे उघडलेलं एक सीताफळ वरच्या फांदीला होतं. वत्सलाबाईने आकडी टाकून ते ओढलं, आणि तिच्या पायाखालची जमीनच निघून गेली.

काटक्या, पाला, माती, काखेतली सीताफळांची पाटी, सगळं तिच्याबरोबर खाली आलं. धूळ बसल्यावर कळलं, की ही डोंगरातली जुनी कोरडी विहीर. तोंडावर घाणेरीची झुडपं माजल्यामुळे कुणाच्या ध्यानात राहिली नव्हती. वर भाकरीएवढं आभाळ दिसत होतं. उजवा पाय गुडघ्याखाली नको तिकडे वळला होता.

घसा कोरडा पडेपर्यंत तिने हाका मारल्या. पण ऐकणार कोण? चारच दिवसांपूर्वी वस्ती ट्रकांत बसून ऊसतोडीला गेली होती. मागे म्हातारी माणसं आणि शेळ्या. नवरा बंकट शेळीचं औषध आणायला आष्टीला गेला होता, तो दुपारच्या गाडीने येणार. फोन वर बांधावर, भाकरीच्या फडक्यात.

ती पाय ओढत भिंतीपाशी सरकली आणि एका गोल दगडाला टेकली. दगड हलला.

तिने अंग चोरलं. दगड सावकाश उलगडला. आधी खवल्यांची लांब शेपटी, मग कुबडासारखी पाठ, शेवटी निमुळतं तोंड आणि ज्वारीच्या दाण्याएवढे दोन डोळे. तिच्याकडे बघून न बघितल्यासारखं करत ते जनावर समोरच्या भिंतीकडे गेलं, नखं रोवून हातभर चढलं आणि घसरून खाली आलं. पुन्हा चढलं, पुन्हा घसरलं. भिंतीवर तसे कितीतरी ओरखडे होते. म्हणजे ते तिच्याआधीपासून इथे अडकलेलं होतं.

हा दगड्या. डोंगरातला, दगडाची कातडी पांघरणारा, माणूस दिसला की दगड होणारा. वस्तीवरच्या प्रत्येक पोराने तो गोष्टीत ऐकलेला, आणि जिवंत माणसांत तो बघितल्याचं सांगणारा एकच होता. तिचा नवरा.

लग्नानंतरच्या दुसऱ्याच वर्षी बंकट पहाटे कड्याहून चालत आला तो हेच सांगत. लोक काठ्या आणि जाळी घेऊन तीन दिवस डोंगर धुंडाळत राहिले. हाती काही लागलं नाही. तेव्हापासून बंकटचं नाव दगड्या पडलं. लग्नात, पारावर, बाजारात, तीस वर्षं. लेकीच्या सोयरिकीला आलेल्या पाहुण्यांनीही हसत हसत विचारलं होतं. तो मात्र दर वेळी शांतपणे सांगायचा, की मी बघितलाय. त्या पाहुण्यांसमोर वत्सलाबाईच त्याला म्हणाली होती, बास करा आता, लाज वाटते. त्यानंतर घरात त्याने तो विषय कधी काढला नाही.

दुपार चढत गेली. पाय भोपळ्यासारखा सुजला. पडताना फुटलेल्या सीताफळांना मुंग्या लागल्या, त्या तिच्या लुगड्यावर चढू लागल्या. झटकायचंही त्राण नव्हतं. दगड्या वास घेत आला. त्याची जीभ दोरीसारखी बाहेर आली आणि त्याने फळांवरच्या मुंग्या टिपल्या, मग लुगड्याच्या काठावरच्या. ती श्वास रोखून बसली. पोट भरल्यावर तो पुन्हा भिंतीकडे गेला, चढला, घसरला. तो घसरला की तिचाही हात आपसूक पुढे व्हायचा.

उन्हं कलल्यावर हाका आल्या. बांधावरचं फडकं बंकटला सापडलं होतं. माजी सरपंचाचा मुलगा अभिमन्यू गावातून जीप, शिडी, बाज आणि दोन माणसं घेऊन आला होता. आवाज ऐकताच दगड्या भिंतीकडून तिच्यापाशी सरकला, त्याने अंग आवळलं, आणि तिच्या कुशीशी नुसता एक गोल दगड उरला.

शिडी लावून बंकट एकटाच खाली उतरला. त्याने आधी तिचा पाय बघितला. मग त्याची नजर तिच्या कुशीकडे गेली आणि तिथेच थांबली. वत्सलाबाई त्याच्या तोंडाकडे बघत होती. आता तो ओरडेल, सगळ्यांना बोलावेल, आणि त्याला कुणी अडवायचं तरी कशाला?

वरून अभिमन्यूने मोबाइल पुढे धरून विचारलं,

"बंकटकाका, तुमचा दगड्या हाय का खाली?"

वरची माणसं हसली. बंकटने पायाने पाला ओढून त्या दगडावर लोटला, वर फुटकी पाटी पालथी घातली.

"दगडं हायती नुसती," तो म्हणाला. "बाज सोडा."

दोरांनी बाज वर ओढली, मागून बंकट शिडी चढून आला. अभिमन्यूने हसत हसतच मोबाइल त्याच्यासमोर धरला.

"काका, आज खरं सांगाच. तवा दिसला व्हता का?"

गेल्या वर्षी खालच्या वस्तीत मांडूळ सापडलं, तेव्हा ते पोत्यात घालून गावोगाव फिरवलं होतं. मेल्यावरही लोक त्याच्याबरोबर फोटो काढत होते. बंकटने बाजेच्या दोराची गाठ उगाच पुन्हा आवळली.

"न्हाई," तो म्हणाला. "तरणा व्हतो. उगं सांगितलं."

या वेळी कुणी हसलं नाही.

एक जण शिडी ओढायला वाकला. बंकट म्हणाला, ती राहू दे, आधी हिला दवाखान्यात न्या, शिडी मी उद्या आणतो.

तिसऱ्या दिवशी आष्टीच्या दवाखान्यात तो डबा घेऊन आला. पाय प्लास्टरमध्ये होता. अभिमन्यूने काढलेला व्हिडिओ तोवर सगळीकडे फिरला होता. भेटायला आलेली शेजारीण केसरबाई नुकतीच सांगून गेली होती, की बरं झालं बाई, म्हाताऱ्याने कबूल तरी केलं.

बंकटने डबा उघडून तिच्यापुढे ठेवला.

"शिडी आणली," तो म्हणाला. "पायऱ्यांवर नखं उमटलीत."

"खाली?"

"काई न्हाई."

शेजारच्या खाटेवरचं माणूस झोपलेलं होतं.

"कावून खोटं बोलले तुमी?" तिने विचारलं. "तीस वर्सं झाली."

त्याने भाकरीचे चार तुकडे केले.

"माज्या आदीबी बघितला आसंल लई जणांनी," तो म्हणाला. "ते माज्यापरीस शहाणे व्हते."

तिने एक तुकडा उचलला. मग तीस वर्षांत कधी विचारलं नव्हतं ते तिने विचारलं.

"तुमाला दिसला तवा, केवढा लांब व्हता?"

बंकटने बिचकत तिच्याकडे बघितलं. थट्टा नाही अशी खात्री पटल्यावर दोन्ही हात हवेत धरले.

वत्सलाबाईने ते निरखून बघितलं. मग पुढे वाकून त्याची मनगटं धरली आणि हात आणखी वीतभर लांब केले.