आप्पांच्या कॅमेऱ्याचा ड्रायव्हर

गुन्हा तुमचा आहे. सिस्टीम बनवून विकणाऱ्यांनो, तुमचाच. ज्याला फक्त बघता येतं अशा माणसापुढे तुम्ही 'अपग्रेड आत्ता करायचं की नंतर?' अशी पाटी आणून उभी केलीत. त्याने ती नुसती वाचली, आणि तेवढ्यावर तुम्ही त्याचा होकार धरलात.

झालं ते असं. आप्पांचं सगळं अंग आजाराने खाल्लं होतं, शिल्लक राहिले होते डोळे. लॅपटॉपच्या पडद्याखाली वीतभर लांबीची कॅमेऱ्याची पट्टी बसवली होती. आप्पा ज्या अक्षरावर नजर रोखतील ते अक्षर उमटायचं, आणि वाक्य पुरं झालं की लॅपटॉप ते मोठ्याने बोलायचा. असल्या पाट्या आल्या की त्यांची थोरली लेक झटक्यात 'नंतर' दाबायची. आज दुपारी बाराला ती बाथरूममध्ये आप्पांची चादर पिळत होती. आप्पांनी अडतीस वर्षं छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवलेले. समोर मजकूर आला की काना-मात्रा तपासल्याशिवाय त्यांचा डोळा पुढे सरकत नसे. ते 'आत्ता'वर थबकले. कॅमेऱ्याला वाटलं, दाबलं.

थोरली हात पुसत बाहेर आली तेव्हा पडदा निळा पडला होता आणि मधोमध एक गोल गरगरत होता. 'लॅपटॉप बंद करू नका.'

"आप्पा, काय केलंत हो हे!" ती ओरडली, आणि लगेच त्यांच्या कपाळावरून हात फिरवला. आप्पा छताकडे बघत राहिले.

आणि आजच! पाच वाजता श्वासाचे डॉक्टर घरी येणार होते. आप्पांची छाती थकत चालली होती. गळ्याला भोक पाडून नळी घालायची आणि पुढचा श्वास मशीनवर चालवायचा, की नाही, हे आज ठरायचं होतं. डॉक्टर मागच्या खेपेला बजावून गेले होते, "मला त्यांच्या स्वतःच्या शब्दांत हवं. नाहीच जमलं तर तुम्ही भावंडांनी सही करा." आप्पा चार दिवस त्याच उत्तरावर विचार करत होते. विचारलं की एकच वाक्य बोलायचे, "डॉक्टरांसमोर सांगेन."

गोल दीड वाजेपर्यंत गरगरला. तोवर थोरलीने तीनदा भांडी घासली. पडदा उजळला तर चित्र नवं, बटणं नवी, आवाज नाही, आणि कॅमेऱ्याच्या पट्टीतले दोन्ही लाल दिवे मेलेले. डिव्हाइसच्या यादीत दोन ठिकाणी पिवळे त्रिकोण. म्हणजे लॅपटॉपला आपलेच तोंड-डोळे ओळखता येईनात. ते ओळखायला शिकवणारी फाइल म्हणजे ड्रायव्हर, एवढं तिला ठाऊक होतं. ती काही कॉम्प्युटरवाली नव्हती. दातांच्या लॅबमध्ये कवळ्या घासून बसत्या करणं हा तिचा धंदा.

आवाजाचा ड्रायव्हर लॅपटॉप कंपनीच्या साइटवर मिळाला. उतरवला, बसवला, टुंग वाजलं. कॅमेऱ्याचा कुठेच नाही. तिने हेल्पलाइन लावली. बावीस मिनिटं बासरी ऐकवून एक बाई बोलली.

"मॅडम, ते मॉडेल आता बंद झालंय. नव्या सिस्टीमवर त्याला सपोर्ट नाही."

"वापरणारा माणूस बंद झालेला नाही, बाई."

"तुम्ही नवीन मॉडेल घेऊ शकता. दहा ते बारा दिवसांत येईल."

"मला पाचच्या आत हवंय."

"आणखी काही मदत करू का?"

"आधी ही तर करा!" म्हणून थोरलीने फोन आपटला.

मग परगावच्या धाकट्याचा फोन. "ताई, अगं जुनी अक्षरांची पाटी आहे ना? ती धर समोर."

"डॉक्टर मानत नाहीत. अक्षर आपण ओळखायचं, शब्द आपण पुरा करायचा. गेल्या वेळी त्यांनी 'पा' दाखवला, मी पाणी पाजलं. त्यांना पाय हलवून हवा होता."

"मग सही करून टाक. नळी घालायचीच आहे."

"कोणी ठरवलं?"

"बाप आहे तो आपला! मरू द्यायचा का?"

"मी मरू द्या म्हणाले का रे? मी म्हणते, त्यांना विचारू दे."

"तू आणि तुझं विचारणं. कवळ्या बसवतेस तशी सगळ्यांची तोंडं बसवायला निघालीस!"

"आणि तू महिन्यातून एकदा फोनवर तोंड दाखवून त्यांचा मालक झालास! ठेव."

तीन वाजले होते. ती उठायची, आप्पांची मान सरळ करायची, डोळ्यांत थेंब घालायची, परत बसायची. अपग्रेडने जुनी सिस्टीम एका फोल्डरमध्ये बांधून ठेवली आहे हे तिला शोधता शोधता कळलं. त्यात जुना ड्रायव्हर सापडला तेव्हा तिने टाळी वाजवली. बसवायला गेली, तर नवी सिस्टीम म्हणाली, या फाइलवर मान्यतेचा शिक्का नाही. चार वर्षं जो ड्रायव्हर तिच्या बापाला बोलका करत होता, त्याच्याकडेच आता ओळखपत्र मागितलं जात होतं!

पावणेचारला तिला कुणा अनोळखी माणसाचं लिखाण सापडलं. त्याची बायको याच कॅमेऱ्याने बोलायची. शिक्का तपासणं बंद ठेवून लॅपटॉप चालू कसा करायचा, ते त्याने पायरी पायरीने लिहिलं होतं. शेवटी एक ओळ होती: लॅपटॉप पुन्हा बंद-चालू झाला की तपासणी परत लागू होते, सगळं पहिल्यापासून करावं लागतं.

पहिल्या खेपेला तिने भलतंच बटण दाबलं. दुसऱ्या खेपेला घाईत फाइल बसवण्याआधीच लॅपटॉप बंद केला. मग कवळीची केसाएवढी फट घासताना चालवायची तशी तिने बोटं सावकाश चालवली. तिसऱ्या खेपेला सगळं नीट दाबलं. पिवळा त्रिकोण गेला. पट्टीतले दोन्ही लाल दिवे लागले.

"आप्पा! बघा इकडे!"

आप्पांनी पडद्यावरचे पाच ठिपके एकेक करून डोळ्यांनी गाठले, तेव्हा कुठे कॅमेऱ्याला त्यांची नजर कळली. चौथ्या ठिपक्याशी दोनदा चुकलं. तेवढ्यात दारावरची बेल वाजली.

डॉक्टरांनी छातीला स्टेथोस्कोप लावून श्वास ऐकला, खुर्ची ओढली आणि लॅपटॉपकडे बोट केलं. "चालू आहे ना?"

"आता आहे," थोरली म्हणाली, आणि दुपारपासूनचं सगळं तिने एका दमात सांगून टाकलं. निळा पडदा, बंद झालेलं मॉडेल, बंद-चालू केलं की पुन्हा जाणारा ड्रायव्हर. डॉक्टर घड्याळाकडे न बघता ऐकत होते, हे तिने मनात नोंदवलं. आप्पाही ऐकत होते.

"काका," डॉक्टर पुढे झुकले, "नळीशिवाय फार तर काही आठवडे. नळी घातली तर काही वर्षं निघतील. तुम्हाला काय हवंय?"

आप्पांची नजर अक्षरांवर फिरू लागली. धाकट्याला फोन लावून स्पीकरवर ठेवलं होतं. थोरली मुद्दाम पडद्याकडे पाठ करून उभी राहिली, आपण शब्द आधीच वाचून त्यांना घाई करू नये म्हणून. नऊ मिनिटं लागली. मग लॅपटॉपचा तो सपाट, कुणाचाच नसलेला आवाज खोलीभर झाला.

"नळी घाला. पण नको झाली की काढा, हेही मीच सांगणार."

धाकट्याने सुस्कारा सोडला. डॉक्टरांनी कागद काढला. "बरोबर. तो तुमचा हक्कच आहे, काका."

पण आप्पा थांबले नव्हते. नजर परत अक्षरांवर, एकेक काना, एकेक मात्रा, दोनदा तपासून. डॉक्टरांचं पेन कागदावर तसंच टेकून राहिलं.

"आज पाच तास मी मुका होतो. नळी असताना असाच मुका झालो आणि कंपनीने ड्रायव्हर दिला नाही, तर 'काढा' हे मी कसं सांगू? तुम्ही ते कशावरून ओळखाल? आधी याचं उत्तर लिहून द्या, डॉक्टर. मग माझा होकार."