गळ्यावरचा हात

‘गिदोनच्या मशाली’ या आमच्या गायनसंचाला वीस वर्षं झाली, म्हणून आठ युगुलगीतांचा अल्बम काढायचं ठरलं. प्रत्येक गाण्यात माझी बायको नोएमी आणि एक पाहुणा. ध्वनिमुद्रण माझ्याकडे. शेला शहरातल्या आमच्या घराच्या मागच्या खोलीत भिंतींना गाद्या ठोकून मी स्टुडिओ केलाय. त्या गाद्यांना हसणारे सगळे शेवटी तिथेच गायला येतात.

नोएमीची एक रीत होती. गाणं संपलं की पाहुण्याच्या गळ्यावर हात ठेवून ती प्रार्थना करायची, “प्रभू, मला दिलंस ते यालाही दे.” आमच्या चर्चच्या मंडळीत हात ठेवून देवाचं दान पुढे देणं काही नवं नाही. दिल्याने देणाऱ्याचं कमी होत नाही, असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलो.

पहिला पाहुणा एस्क्विंतला गावचा मिसाएल. गातो बरा, पण वरच्या पट्टीत फाटायचा. पुढच्या रविवारी मोबाइलवर त्याच्या चर्चची उपासना लावली, तर पठ्ठ्या सहज वर गेला आणि टोकाला सूर असा हलकेच सोडला की मी घास खाली ठेवला. ती लकब नोएमीची होती. तिने लगेच तोच सूर लावून पाहिला. नुसती हवा आली.

“सर्दी असेल,” ती म्हणाली.

डॉक्टरांनी कॅमेरा घालून पाहिलं. गळा स्वच्छ. दुसऱ्या गाण्यानंतर खालचे सूर गेले, तिसऱ्यानंतर दमसास. पाचव्या पाहुण्या ओतिलियाबाई. त्यांचा फोन आला तेव्हा आवाज ऐकून मी सवयीने म्हणालो, “अगं, येताना पाव आण.” पलीकडून नोएमीचं हसू आलं. “ब्रदर अब्नेर, मी ओतिलिया!”

मी फोन घेऊन स्वयंपाकघरात गेलो. नोएमी तिथे बसून बटाटे सोलत होती.

“बस झालं,” मी तिला म्हणालो. “गायचं तर गा, पण हात ठेवू नकोस.”

“देवाने दिलेलं मुठीत धरून बसू?” तिचा आवाज आता खरवडल्यासारखा येत होता.

“टाक मग सगळं वाटून! उद्या मला हाक मारायला शीळ घाल.”

“शीळ तरी ऐकू येईल तुला, म्हाताऱ्या. माझी हाक वीस वर्षांत कधी आली?”

ती हसली. मला हसता आलं नाही, मी घाबरलो होतो. सातव्या गाण्यानंतर तिच्याकडे फक्त कुजबुज उरली.

आठवं गाणं आमच्या मुलीबरोबर, केइलाबरोबर होतं. एकोणीस वर्षांची पोर, आवाज झऱ्यासारखा. नोएमी काचेपलीकडे तिच्याशेजारी उभी राहून कुजबुजतच गायली. गाणं संपलं आणि तिचा हात उचलला गेला. मी काचेवर थाप मारली.

“नोएमी! एवढं तरी ठेव गं. माझ्याशी बोलायला.”

तिने माझ्याकडे पाहिलं आणि हात खाली घेतला. मी मोठ्याने देवाचे आभार मानले आणि मशीन बंद केलं.

वळून पाहिलं तेव्हा केइलाचा हात आईच्या गळ्यावर होता. पोरीचे डोळे मिटलेले, ओठ हलत होते. माइक बंद, त्यामुळे शब्द ऐकू आले नाहीत. मुलगी आईसाठी प्रार्थना करतेय, त्यात काय वावगं, असं म्हणून मी केबल गुंडाळत बसलो.

सकाळी स्वयंपाकघरातून केइलाची हाक आली, “अब्नेर!”

बापाला नावाने हाक? चांगली खडसावायची म्हणून मी तरातरा आत गेलो. केइला चुलीपाशी पाठमोरी उभी राहून तव्यावर मक्याची तोर्तिया उलटत होती. तिने मान वळवली, माझ्याकडे पाहून हसली, पण तोंड उघडलं नाही.

“अब्नेर,” पुन्हा केइलाचाच आवाज आला, माझ्या मागून, टेबलाकडून. तिथे नोएमी बसली होती, रडून डोळे सुजलेले.

“तिला बोलायला सांग रे,” ती त्या कोवळ्या आवाजात म्हणाली. “काहीतरी बोलायला सांग तिला.”