डावीकडून वाचायची अक्षरं

केस. एकच, आखूड, तपकिरी, टोकाशी वळलेला — व्हॅसलिनच्या थरात रुतून बसलेला, आणि त्याच्याभोवती शाईचं नि रक्ताच्या पाण्याचं चकचकीत डबकं; हेस्टरने टिशूने टिपलं तर केस निघाला नाहीच, उलट सरकून पहिल्या अक्षरावर आडवा पडला, कुणीतरी ते खोडून टाकल्यासारखा… शी. वीस वर्षं झाली, हजारो कातड्या झाल्या, आणि अजून एका केसाने घशाशी येतं. कातडी म्हणजे कागद, असं बाहेरचे लोक म्हणतात. म्हणोत बापडे. कागदाला घाम येत नाही, कागदावर पुळ्या येत नाहीत, आणि सुई टेकवताच कागद पोट आत ओढून घेत नाही.

"दुखतंय?" तिने विचारलं. विचारायचं म्हणून.

"छे! मस्त वाटतंय," बाकावर कुशीवर पडलेली मुलगी दात आवळून म्हणाली. बावीस-तेवीसची, बँकेत नोकरी, फासळ्यांवर दोन शब्द हवे होते — श्वास घे. "मला ना, रोज आठवण हवी."

"नाहीतर विसरशील की काय?" पलीकडच्या टेबलावरून रिन्से म्हणाला. गोंदणाच्या ह्या दुकानात हेस्टरचा भागीदार. दाराची चौकट भरून टाकणारा माणूस, गालात कायम एक खारट काळी गोळी.

मुलगी खुदकन हसली, तिच्याबरोबर फासळ्याही हसल्या, आणि हेस्टरला सुई उचलावी लागली. "हसायचं नाही. आणि तू तिला हसवायचं नाहीस. रेघ वाकडी गेली तर जन्मभर धाप लागल्यासारखी दिसेल."

श्वास घे. गेल्या महिन्यात 'घे'चे चार होते, 'जग'चे सहा, 'हा क्षण तुझा'चे तर मोजायचेही सोडून दिले… सगळ्यांना कातडीवर हुकूम हवेत, तेही मुंगीच्या पायांएवढ्या बारीक अक्षरांत, जे दहा वर्षांनी पसरून नुसती बुरशी दिसणार आहेत — सांगितलं तरी ऐकत नाहीत, फोनमधलं चित्र पुढे करतात, अस्संच हवं. ह्याच गावात, डेन हेल्डरमध्ये, ती एकोणीस वर्षांची असताना नौदलाची पोरं यायची, जहाज मागायची, पाकोळी मागायची, मागे सुटलेल्या पोरीचं नाव मागायची. जाड रेघ, भरगच्च काळा, दुखलं की शिव्या. जे होऊन गेलं ते गोंदून घ्यायचे. आणि हे — हे जे कधी करणार नाहीत ते गोंदून घेतात. बुळबुळीत गोडवा नुसता. जीभ खरवडून काढावी असा.

डाव्या हाताने तिने कातडी ताणली. बोटाखाली फासळी आली, मग फट, मग फासळी. फासळीवरून जाताना बघायचं रेघेकडे, बोटाखाली काय आहे तिकडे नाही, हे तिने अकरा वर्षांपूर्वी स्वतःला शिकवलं होतं, कारण बोटाखाली जे आहे ते मोडतं. आवाज होतो. लोकांना वाटतं कडकन मोडत असेल, वाळक्या काटकीसारखं… नाही, तो ओला असतो, ओला आणि कुरकुरीत, आणि तो कानाने ऐकू येत नाही, तळव्यातून कोपरापर्यंत चढतो, आणि तरी थांबायचं नसतं, तीस वेळा, पुन्हा तीस वेळा —

दार उघडलं. समुद्राच्या बांधावरचं वारं आत घुसलं, भिंतीवरचे चित्रांचे कागद फडफडले.

"अरे बापरे, ग्रीतकाकू!" रिन्से उठून उभाच राहिला. "वादळाचा इशारा होता का आज?"

"दार लाव आधी. केवढा वास मारतोय इथे."

"साबणाचा आहे, काकू."

"तेच म्हणतेय. कसाईखान्यातसुद्धा साबण असतो."

आई. दुकानाला अठरा वर्षं झाली, ह्या उंबऱ्याच्या आत तिने पाऊल टाकलं नव्हतं. तीस वर्षं मासळीच्या कारखान्यात माशांची पोटं फाडलेली बाई, आणि लेकीच्या धंद्याची तिला शिसारी. 'जित्या माणसाला टोचतेस,' म्हणायची, 'माझे मासे निदान मेलेले असायचे.' आता ती खुर्चीच्या टोकाला बसली, पाठ ताठ, पर्स मांडीवर, आणि भिंतीवरच्या गुलाबांकडे, कवट्यांकडे, नांगरांकडे शिळी मासळी चाचपावी तशी बघत राहिली. रिन्सेने कॉफी दिली, बिस्किटांचा डबा पुढे केला. तिने एक घेतलं आणि डब्याचं झाकण स्वतःच लावून टाकलं.

मुलगी उठली, आरशात बघून रडली, फोटो काढले, हेस्टरच्या गळ्यात पडली — तिचा ओला घाम हेस्टरच्या मानेला लागला, ई — आणि गेली. मग आईने पर्समधून चारघडी कागद काढला.

"हे लिही. इथे." तिने कोटावरूनच छातीच्या मधोमध बोट ठेवलं.

कागदावर तिच्या टोकदार अक्षरात दोन शब्द होते. जगवू नका. खाली सही.

रिन्सेने कागद वाचला, हेस्टरकडे बघितलं, आणि ब्रेड आणायचाय असं काहीतरी पुटपुटत जाकीट घेऊन निघून गेला. मोठा माणूस चोरपावलांनी चालला की किती हिडीस दिसतो.

"काही झालंय का तुला?"

"शहात्तर झालीत. आणखी काय व्हायला हवं?"

"हृदय थांबलं तर पुन्हा चालू करू नका म्हणून डॉक्टरांकडे तुझा कागद आहे ना? गळ्यात घालायचं ते पदक?"

"आहे. पोहताना काढून ठेवते. आणि तू मला शिकवू नकोस, हेस्टर, मी गिऱ्हाईक आहे. नसेल करायचं तर सांग, रॉटरडॅमला जाते, तिकडे काय दुकानं कमी आहेत?"

ती जाईल. सायकल गाडीत चढवून जाईल, आणि कुठल्यातरी पोराच्या हाताखाली झोपेल, तो पोरगा त्या पातळ कातडीत सुई केसभर खोल घालेल आणि शाई फुटून निळं धुकं पसरेल… तिने हातमोजे चढवले. रागाने नाही. म्हणजे, रागानेच.

ब्लाउजची बटणं सोडून आई बाकावर उताणी झाली. पावडरचा वास, त्याच्याखाली तरणतलावातल्या क्लोरीनचा, त्याच्याही खाली — हेस्टरने तोंडाने श्वास घेतला. परक्या माणसांच्या काखा, ढुंगणं, पोटावरच्या ताणाच्या रेघा, कशाकशाचं काही वाटत नाही, केसाची तेवढी घाण वाटते. आणि ही छाती, चुरगळून पुन्हा सरळ केलेल्या बटरपेपरसारखी, तपकिरी ठिपक्यांची, मधोमध वर आलेलं हाड… इथेच मी तोंड लावून प्यायले असेन. शी, काय हा विचार! आणि त्या विचाराची किळस आली ह्याचीही किळस आली, एकावर एक, कांद्याच्या पापुद्र्यांसारखी.

दाढीच्या ब्लेडने लव काढली. स्टेन्सिलच्या कागदाने अक्षरं छापली, गळ्याच्या दोन हाडांच्या खाली, आडवी, नीट.

आईने हातातला आरसा धरला. "उलटं आहे."

"आरशात उलटंच दिसतं. समोरच्याला सरळ दिसेल."

"समोर कोण?"

"अँब्युलन्सवाले."

"अँब्युलन्स यायला बारा मिनिटं लागतात." आरसा खाली आला. "तोवर कोण असतं?"

हेस्टरने शाईच्या बाटलीचं झाकण उघडलं. पुन्हा लावलं.

"त्या दिवशी तू कुठल्या बाजूला बसली होतीस? फ्रीजकडे ना?"

"आई."

"फ्रीजकडेच. म्हणजे त्याच्या डावीकडे. मी दारात उभी होते, मला तुझी पाठ दिसत होती. तिथून वाचता येईल असं लिही."

त्या दिवशी बाबा स्वयंपाकघरात कोसळले, हेस्टर गुडघ्यांवर बसली, आणि अकरा मिनिटं त्यांची छाती दाबत राहिली, ते वाचले. गावच्या पेपरात तिचा फोटो आला, पलंगाशी उभी, गोंदलेले हात बाबांच्या खांद्यावर — 'कलाकार लेकीने दिला दुसरा जन्म' — आणि अग्निशमनवाल्यांनी केक पाठवला, गुलाबी साखरेचं हृदय वर. त्या दुसऱ्या जन्मात बाबा चौदा महिने, मरेपर्यंत, एका खोलीत पडून होते. तोंडातून लाळ, आईला 'बाई' म्हणायचे, भिंतीकडे बघून कुत्र्यासारखं बारीक रडायचे. आई रोज सायकलवरून जायची, पेज भरवायची, तोंड पुसायची. त्याबद्दल हेस्टरला ती एक शब्द बोलली नाही. तेव्हा नाही, नंतर नाही. अकरा वर्षं दर रविवारी समोरासमोर बसून बटाटे खाल्ले, आणि हेस्टर वाट बघत राहिली — म्हण, एकदाचं म्हणून टाक — आणि आई म्हणायची, मीठ दे.

"माझ्यावर रागावून करतेयस हे?"

"रागावून कोण छातीवर टोचून घेईल, वेडे?" आई छताकडे बघत होती. "कागद दाखवला तर तू वाचणार नाहीस. तुझे हात डोक्याच्या आधी धावतात, लहानपणापासून. म्हणून म्हटलं, हातांनाच सांगून ठेवावं."

"आणि तरी मी…"

"ते मला कळायचं नाही तेव्हा. थंडी वाजतेय, आटप."

हिरव्या साबणाने तिने पहिलं स्टेन्सिल पुसलं. निळसर डाग राहिला, कातडी लाल झाली. दुसरं कापलं. स्टूल ओढून बाकाच्या डाव्या बाजूला आली, आणि हाडाच्या रेषेत, पोटाकडून गळ्याकडे चढत जाणारे दोन शब्द, खाली सही, असे लावले. कुणालाही वेडंवाकडं वाटेल असं. फक्त इथून सरळ. मग रोज करते तेच केलं, वीस वर्षं करत आलेय तेच — कागद नीट चिकटावा म्हणून त्यावर तळवा दाबून धरला.

खाली ठोके होते. सावकाश, जरासे अडखळत, पातळ कातडीच्या लगेच पलीकडे, इतके जवळ की कुणी आतून बोटाने टकटक करावं.

कागद सोलून काढला. जांभळी अक्षरं स्वच्छ उमटली होती. मशीन उचलायची, पाय पेडलवर ठेवायचा, पहिली रेघ खालून वर… तिने डावा हात ताण द्यायला ठेवला, आणि अक्षरं नाहीशी झाली. दोन्ही शब्द, सहीसुद्धा. हात उचलला, होती. ठेवला, नव्हती. माप मी घेतलं नव्हतं, नजरेनेच कापला होता कागद, आणि तो माझ्या तळव्याएवढाच निघाला.

"काय मोजतेयस?"

"काही नाही. पडून राहा."

किळस येईल म्हणून ती वाट बघत थांबली. पावडरच्या वासाने येईल, ह्या सुरकुत्यांनी, त्या ओल्या कुरकुरीत आवाजाच्या आठवणीने तरी. आली नाही. तळव्याखाली ठोका पडला, मग एक नको इतकी लांब उसंत, आणि त्या उसंतीत — आई डोळे मिटून स्वस्थ पडली होती — माझ्या कोपरापासून अकरा वर्षांपूर्वीचा तो जोर आपला आपण खाली उतरू लागला, मनगटात जमा झाला, आणि मी त्याला थांब म्हणाले की नाही, ते मला सांगता यायचं नाही.