वाटी पाण्याची, दांडा माणसाचा

मित्रांनो, मी पाणी काढायचा एक जुना, तांब्याचा पळा आहे. माझ्याबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही. पुस्तकबांधणीच्या एका कारखान्यात पिंपापाशी आयुष्य गेलं, म्हणून चार अक्षरं कानावर पडली, एवढीच माझी विद्वत्ता. सांगताना कुठे अडखळलो तर सांभाळून घ्या.

मला घडवणाऱ्या तांबटाने माझी वाटी तळहाताएवढी केली आणि दांडा मात्र हातभर लांब ठेवला. एवढ्याशा वाटीला एवढं शेपूट! मला त्याची लाज वाटे. पण तांबट म्हणाला होता, "दांडा लांबच पाहिजे. वाटी पाण्याची, दांडा माणसाचा." मला ते कळलं नाही, आणि विचारायचं धाडस माझ्यात कधीच नव्हतं.

कारखान्यात पंचवीस माणसं होती. कुणी कागदाच्या घड्या घाली, कुणी पानं शिवून काढी, कुणी पुठ्ठ्यांना खळ लावी. तहान लागली की सगळे माझ्याकडे येत, दांड्याचं टोक धरून पेल्यात पाणी ओतत. मग मी पुन्हा पिंपात उभा राही आणि माझा दांडा झाकणाच्या फटीतून बाहेर डोकावे.

एकदा त्या फटीतून पिंपात झुरळ पडलं. मुकादम स्वच्छतेचे मोठे भोक्ते. "हे शेपूटच झाकण लागू देत नाही," असं म्हणत त्यांनी करवत घेतली आणि माझा दांडा वीतभर ठेवून कापून टाकला.

पानं शिवणाऱ्या शिलाईमावशी म्हणाल्या, "अहो, खिळा ठोकून बाहेर टांगला असता की त्याला!"

"आता कापला तो कापला," मुकादम म्हणाले.

झाकण घट्ट बसलं. सगळ्यांनी मुकादमांना वाखाणलं. खोटं कशाला बोलू, मलाही बरं वाटलं. फक्त त्या दिवसापासून मी पाण्याखाली पडून राहू लागलो, आणि मला उचलायला प्रत्येकाला हात मनगटापर्यंत पाण्यात घालावा लागे.

महिनाभर काही झालं नाही. मग एका आठवड्यात नऊ जणांचे डोळे पिवळे झाले. कावीळ! शिलाईमावशींना तर सुई उचलवेना, त्यांना घरी पोचवावं लागलं.

दहाच दिवसांपूर्वी एक नवे खळवाले कामावर आले होते. वयस्क, अबोल, सारखे खोकणारे. सगळ्यांची बोटं त्यांच्याकडे वळली.

"हा आला नि मागून आजार आला."

"खोकून खोकून वाटला असेल सगळ्यांना!"

मुकादम त्यांना म्हणाले, "काका, उद्यापासून येऊ नका. मला माझी माणसं सांभाळायचीत."

"साहेब, हा धुळीचा जुना खोकला आहे," खळवाले म्हणाले. "या वयात मला दुसरीकडे कोण ठेवणार?" त्यांनी ब्रश धुतला आणि पिशवीत घातला.

ते दाराशी पोचले, तोच सरकारी दवाखान्याच्या नर्सबाई चौकशीला आल्या. कोण कधी आजारी पडलं, कोण कुठलं पाणी पितं, सगळं त्यांनी वहीत टिपलं. आजारी पडलेले सगळे या पिंपातलं पाणी पिणारे निघाले. मग त्यांनी विचारलं, "हे काका कधीपासून आहेत?"

"दहा दिवसांपासून," मुकादम म्हणाले.

"मग यांनी नाही दिली. या काविळीचा विषाणू पोटात गेला, तरी आजार दिसायला निदान पंधरा दिवस लागतात, बहुतेकदा महिना. आणि ती खोकल्यातून पसरत नाही. शौचाहून आल्यावर हात नीट धुतले नाहीत, की ती बोटांवरून पाण्यात जाते आणि पाण्यातून दुसऱ्याच्या पोटात. उलट, धोका आता यांनाच आहे."

"पण आणली कुणी?"

"त्या माणसालाही ठाऊक नसेल. डोळे पिवळे व्हायच्या आधीच तो आजार वाटत फिरतो. विषाणू केवढा असतो माहितेय? तुमच्या पुस्तकातल्या एका पूर्णविरामावर लाखो मावतील. त्या माणसाला शोधण्यापेक्षा मला सांगा, महिन्यापूर्वी इथे काय बदललं?"

मुकादमांनी सवयीने झाकण उघडून मला बाहेर काढलं. मनगटापर्यंत भिजलेल्या स्वतःच्या हाताकडे ते बघतच राहिले.

मित्रांनो, माझं अंग शहारलं. न रंग, न वास, न आवाज, आणि नऊ धडधाकट माणसं आडवी! एवढी मोठी गोष्ट माझ्याच वाटीतून घरोघरी गेली आणि मला पत्ता नव्हता.

मुकादम दाराशी गेले. "काका, ब्रश बाहेर काढा. चूक माझी आहे. मला माफ करा."

खळवाले म्हणाले, "आधी तुम्ही हात धुवा. साबणाने."

पिंप रिकामं करून, औषध घालून धुतलं. पाणी उकळून भरू लागले. मला लांब दांडा पुन्हा जोडला गेला, आणि पिंपाशेजारच्या भिंतीत एक खिळा आला. दीड महिन्याने शिलाईमावशी परतल्या. खिळ्याकडे बघून म्हणाल्या, "ठोकलात का एकदाचा!"

तांबटाने कधी विषाणू पाहिला नसेल. त्याला त्याचं नावही ठाऊक नसेल. तरी त्याने माणसाच्या बोटांत आणि पाण्यात हातभर अंतर ठेवलं होतं, आणि मी त्याचीच लाज बाळगत होतो! आता खिळ्यावर टांगलेला असतो तेव्हा त्या अंतराकडे बघून मी थक्क होतो. तेवढं अंतर तुम्हीही राखा. हात धुऊन या, आणि मला टोकाला धरा.