कृष्णाच्या मुकुटाखाली

शिवगंगाबाईंना पास मिळाले होते चार आणि त्यांनी माणसं आणली होती तेवीस. दाराशी बसलेल्या बाईंनी अडवलं तेव्हा त्या म्हणाल्या, "नाचणारी पोर आमची हाय. तिला पास लागत न्हाय, मग तिच्या घरच्यांना कशाला?" यावर त्या बाई उत्तर शोधेपर्यंत मंगळवार पेठेतली अर्धी गल्ली आत जाऊन पुढच्या खुर्च्यांवर बसलीसुद्धा.

सत्त्याण्णव सालचा फेब्रुवारी होता. पूर्णिमाबाईंच्या नृत्यवर्गाचा वार्षिक कार्यक्रम, त्यात शेवटचा नाच कालियामर्दनाचा आणि त्यातला कृष्ण म्हणजे शिवगंगाबाईंची नऊ वर्षांची नात दानेश्वरी. शिवगंगाबाईंचं पेठेत चटणीचं कांडप होतं. दोन महिने मिरच्या घेऊन येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला आधी कृष्ण ऐकावा लागे, मग चटणी मिळे. एकजण बोललाच, "तुम्ही शिवाची माणसं, आणि नात कृष्ण कशी?" बाईंनी मुसळाच्या वर आवाज चढवून विचारलं, "तुझा पोरगा शाळेत रावण झालता न्हवं? मग लंकेला ऱ्हायला गेला काय?" त्यानंतर कुणी विचारलं नाही.

कार्यक्रम निम्म्यावर आला तेव्हा मुलगा शशिधर, दानेश्वरीचा बाप, वाकून त्यांच्या कानाशी लागला. "अव्वा, आत चल. दानू हटून बसलीया."

रंगपटात दानू ट्रंकेवर बसली होती. तोंड, हात, पाय सगळे निळे, आणि एक मूठ छातीशी घट्ट आवळलेली. समोर पूर्णिमाबाई घामाघूम. त्यांच्या मागं सुष्मिता नावाची दुसरी मुलगी उभी होती आणि तिच्या अंगावर पितांबर आधीच चढवलेलं होतं.

"आज्जी, आता तुम्हीच सांगा हिला," पूर्णिमाबाई म्हणाल्या. "गळ्यातलं ते काढायला तयार नाही. परवा सरावात उडी मारताना डबी उसळली आणि ओठावर बसली, रक्त आलं. आज तर फण्यावर चढून उड्या मारायच्यात. पाच मिनिटं वडिलांजवळ ठेवा, नाच संपला की लगेच घाला. नाहीतर मला सुष्मिताला उभं करावं लागेल. तिला सगळं पाठ आहे."

दानूच्या गळ्यात लिंबाएवढी चांदीची डबी होती आणि डबीत तिचं इष्टलिंग. जन्मल्यावर तिच्या गळ्यात ते बांधलं होतं, आंघोळीत, झोपेत, गोवराच्या तापातसुद्धा ते अंगावरून उतरलं नव्हतं. आणि ते उतरायचं नसतं हे तिला शिकवलं होतं खुद्द शिवगंगाबाईंनी. त्यांची शिकवण म्हणजे मऊ काम नव्हे. लिंग अंगावर नसलं की माणूस आणि मडं सारखंच, असं त्या तीन वर्षांच्या पोरीलाही तोंडावर सांगत.

"पाच मिनिटांचा तर प्रश्न हाय, अव्वा," शशिधर हळूच म्हणाला. "भायेर सगळी बसल्यात."

शिवगंगाबाई दुसऱ्याशी वेळप्रसंगी खोटं बोलत, स्वतःशी कधी नाही. त्या क्षणी त्यांना वाटलं, काढावं. बाहेर तेवीस माणसं होती, दोन महिन्यांचा तोरा होता, आणि पूर्णिमाबाईंची चूकही नव्हती, पोरीचा ओठ अजून सुजलेला दिसत होता. त्यांचा हात दोऱ्याकडे गेलासुद्धा.

"काढायचं, अज्जी?" दानूनं विचारलं. "मग पाच मिनिटं मी मडं व्हईन. मडं नाचंल कसं?"

ती खोडीनं बोलत नव्हती, तिला खरंच उत्तर हवं होतं. शिवगंगाबाईंनी हात मागं घेतला. सहासष्ट वर्षांच्या आयुष्यात त्यांना इतकी लाज क्वचित वाटली होती.

"न्हाय काढायचं," त्या म्हणाल्या. "आणि नाचणार बी हीच."

"अहो, पण कसं? कमरेला बांधूया का?"

"बेंबीच्या खाली ते उतरत न्हाय. वर कुठंबी चालतंय."

"दंडावर सापाच्या शेपटीचा दोर येतो," पूर्णिमाबाई कपाळाला हात लावून म्हणाल्या.

"मग डोक्यावर. माझा बा बिद्रीकडं नदी वलांडायचा तवा पटक्यात बांधायचा. बुडाला न्हाय आणि लिंग बी सोडलं न्हाय." बोलता बोलता बाईंनी दानूचे केस ताब्यात घेतले. टाळूवर आवळून अंबाडा घातला, आत डबी बसवली, दोरा चार वेढे फिरवून गाठ मारली आणि वरून मोरपिसाचा मुकुट दाबून बसवला. "हलीव डोकं."

दानूनं मान गदागदा हलवली. काही हललं नाही.

"पडलं तर?" पूर्णिमाबाईंनी विचारलं.

"पडलं तर नाव बदलीन," शिवगंगाबाई म्हणाल्या आणि सुष्मिताकडे वळल्या. "बाळ, सोड ते पितांबर. तुझा राग न्हाय, पण ते हिचं हाय."

पडलं नाही. काळ्या कापडात शिरलेली आठ पोरं साप होऊन वळवळत होती आणि दानू त्यांच्या मधल्या फण्यावर अशी नाचली, की वरचा पत्रा वाजावा तशा टाळ्या वाजल्या. शिवगंगाबाई नाचाकडे कमी आणि मुकुटाकडे जास्त बघत होत्या. शेवटची उडी झाली तेव्हा त्यांनी शेजारणीच्या हातातली पाण्याची बाटली तिला न विचारता रिकामी केली.

नाचानंतर एक रिवाज होता. सगळ्यांच्या पोशाखांचा खर्च उचलणारे हंबीरराव दरवर्षी मुख्य पाहुणे असत. ते रंगमंचावर येत, मुलं एकेक करून त्यांच्या पायावर डोकं ठेवत, ते डोक्यावर हात ठेवत, पदक देत आणि फोटो निघे. यंदाही गोपी वाकल्या, साप वाकला. मग कृष्णाची पाळी आली.

दानू हात जोडून ताठ उभी राहिली.

पाहुण्यांचा हात आशीर्वादासाठी वर गेला होता, तो तसाच राहिला. "वाक, वाक," आडून पूर्णिमाबाई कुजबुजल्या. फोटोवाला म्हणाला, "बाळ, पायावर डोकं."

"न्हाय," दानू म्हणाली. माइक जवळच होता, त्यामुळं मागच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं. "आज माझ्या डोक्यावर देव हाय. मी कुणाच्या पाया पडणार न्हाय."

हा नियम कुठल्या पोथीत होता कोण जाणे. शिवगंगाबाईंनी तर तो शिकवला नव्हता. शशिधरनं तोंड ओंजळीत लपवलं. "घालवली इज्जत. अव्वा, खूण कर तिला."

शिवगंगाबाई उभ्या राहिल्या, पण खूण करायला नाही. त्यांनी टाळी वाजवली, कांडपाच्या मुसळासारखी, एकेक ठोका सुटा. तेवीस माणसं टाळ्या वाजवायलाच आलेली होती, त्यांनी साथ धरली. हंबीररावांचं तोंड लाल झालं. त्यांनी पदक दानूच्या हातात कोंबलं आणि ते खुर्चीकडे वळले.

दानू पायऱ्या उतरून थेट अज्जीकडे आली. घरात काहीही झालं, निकाल लागो की दात पडो, की आधी अज्जीच्या पायावर डोकं ठेवायचं, हे ठरलेलं. शिवगंगाबाईंनी सवयीनं पाय जुळवले, हात वर केला.

"तुझ्याबी न्हाय, अज्जी," दानू म्हणाली.

ते सगळ्या गल्लीनं ऐकलं. बाईंचा हात हवेत राहिला, अगदी हंबीररावांचा राहिला होता तसाच. त्यांना राग आला, चांगला कानशिलापर्यंत आला. घरात-दारात आजवर त्यांना असं कुणी बोललेलं नव्हतं. समोर पोर भीत होती, पण मान खाली जात नव्हती.

शिवगंगाबाईंनी खुर्चीचा हात धरला, दुखरे गुडघे मोडले आणि पेठेच्या देखत खाली बसून नातीच्या निळ्या पायांवर डोकं टेकवलं.

उठल्या तेव्हा कपाळावरची विभूती गेली होती आणि तिथं निळा रंग लागला होता. शशिधरनं घाईघाईनं रुमाल पुढं केला.

"ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या. "पेठेत असंच जायचं हाय."